शालीचं तापमान

चाकणच्या पट्ट्यात थंडी पडते ती कारखान्यात नाही, ऑफिसात. खोटं वाटत असेल तर डिसेंबरात जाऊन बघा. खाली शॉपवर भट्ट्या पेटलेल्या असतात, मशीन तापलेली असतात, माणसं चालती-फिरती असतात. वर काचेच्या पार्टिशनमागं खुर्चीला चिकटून बसलेली माणसं मात्र हातावर हात चोळत असतात.

त्यातही गुरुदत्त ज्या कंपनीच्या तपासणी विभागात बसायचे, तिथली थंडी म्हणजे निव्वळ शहाणपणाचं फळ होतं. शेजारी मोजमापाची खोली. तिथं पोलादाचे तुकडे केसाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पोलाद गरमीनं फुगतं, म्हणून ती खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवायची असा नियम. बरं, ठेवा की! नाही कोण म्हणतंय? पण बांधकामाच्या वेळी कुणा दीडशहाण्यानं पैसे वाचवायला खोलीला आणि ऑफिसला एकच एसी फिरवला. झालं. पोलादाची सोय झाली, आणि माणसांना काय, तर घ्या शाली.

म्हणून त्या ऑफिसात अकरा खुर्च्या आणि अकरा खुर्च्यांच्या पाठींवर अकरा उबेची कापडं. कुणाचा स्वेटर, कुणाची घोंगडी, जयदीपचं कॉलेजातलं विटकं जॅकेट. सगळी तिथंच राहायची, घरी कुणी नेत नसे. आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर, गुरुदत्तांच्या, एक मोरपंखी शाल. बायकी. काठाला बारीक कोयऱ्या.

ती मृदुलाची. मृदुला म्हणजे गुरुदत्तांची बायको. तीन वर्षांपूर्वी एका जानेवारीत गुरुदत्त "बोटं वळत नाहीत गं ऑफिसात" असं म्हणाले, तेव्हा तिनं स्वतःच्या खांद्यावरची ही शाल काढली आणि डब्याच्या पिशवीत कोंबली. म्हणाली, "घ्या, आणि लाजू नका." गुरुदत्त अर्थातच लाजले. एकतीस वर्षं नोकरी झालेला माणूस कोयऱ्यांची शाल घेऊन बसणार? पोरं हसतील. त्यांनी ती खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि तो उरलेला हिवाळा कुडकुडत काढला. घरी विचारलं की सांगायचं, घेतो की रोज. मार्चमध्ये मृदुला गेली, चार दिवसांच्या तापात. तेराव्यानंतर ऑफिसला आल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला. तेव्हापासून शाल खुर्चीवर. तिच्या हयातीत त्यांनी ती एकदाही अंगावर घेतली नव्हती, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी गुरुदत्त नेहमीप्रमाणे साडेआठला, सगळ्यांच्या आधी, ऑफिसात आले. शाल उचलली. तर शाल गरम.

गरम म्हणजे कशी, तर कुणी अंगावरून नुकतीच काढून ठेवावी तशी. खोली वीस अंशांवर, खिडकीबाहेर धुकं, टेबलाची काच हाताला चावतेय, आणि शाल गरम. गुरुदत्तांनी ती खांद्यावर घेतली नाही. आधी तोंडावर धरली. किती वेळ धरली कोण जाणे; बाहेर बूट वाजले तेव्हा ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

माणूस तपासणी विभागातला. हाताला लागलं म्हणून खरं मानणाऱ्यातला नव्हे. चौथ्या दिवशी त्यांनी मोजमापाच्या खोलीतून टेकवून मोजायचा थर्मामीटर आणला आणि शालीच्या घडीत खुपसला. चौतीस पॉइंट दोन. खिशातल्या डायरीत लिहिलं. मग रोजच लिहायला लागले. साडेतेहेतीस. चौतीस. चौतीस पॉइंट एक. अहो, रात्रभर थंड खोलीत पडलेली शाल सकाळी साडेआठला चौतीस अंश कशी असेल? गुरुदत्तांनी डोकं खाजवलं. मनात जे आलं ते त्यांनी कागदावर उतरवलं नाही. पण ते आलं होतं, आणि त्याला बाहेर काढावं असं त्यांना वाटेना.

की ती येऊन बसते. आपण यायच्या जरा आधी.

मधे दोन सकाळी शाल थंडगार निघाली. गुरुदत्तांचा जीव कासावीस. मग त्यांनी तेच केलं, जे कंपनीत माल बिघडला की करतात. व्हाय-व्हाय म्हणतात त्याला तिथं. का, का, का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. शाल थंड का? ती आली नाही म्हणून. का आली नाही? रागावली. का रागावली? पहिल्या दिवशी तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्लडप्रेशरची गोळी चुकवली होती. सापडलं मूळ! त्या दिवसापासून गुरुदत्त सुतासारखे सरळ. उठल्या उठल्या तुळस, मग गोळी, मग खिचडी का होईना पण शिजवून डबा. मुलाचा, निमिषचा, बेंगळुरूहून फोन आला की म्हणायचा, "बाबा, आवाज बरा वाटतोय तुमचा." बरा वाटणारच. दोन वर्षांनी माणसाला कुणीतरी रागवायला होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाकीच्या दहा शालींना एकदा हात लावून बघायचा की! तेच तर. चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आला हा माणूस, की एका तुकड्यावरून लॉट पास करायचा नाही, निदान पाच तपासा. आणि स्वतः एकच शाल मोजत बसला. दुसऱ्याच्या कपड्याला हात कोण लावतो, हे आपलं म्हणायला. खरं तर त्यांना बघायचंच नव्हतं. बाकीची मंडळी खालूनच चहा घेत घेत नवाच्या पुढं उगवायची, तोवर त्यांचे स्वेटर गार पडलेले असायचे, त्यामुळं त्यांनाही कधी काही कळलं नाही.

एकतीस मार्चला गुरुदत्त रिटायर होणार होते. शाल घरी नेली तर ती घरी येईल का, की तिला हीच खुर्ची माहीत, या विचारानं त्यांना बसमध्ये झोप लागायची नाही. पण मार्च लांब होता. तोवरच्या सकाळी आपल्या, असं त्यांनी धरलं होतं.

आणि मग ऋता आली.

ऋता म्हणजे इमारतीची देखभाल बघायला नव्यानं लागलेली मुलगी. पंचविशीची, चटपटीत, आणि कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना विचारलं, काय त्रास आहे? अकराही जण एका सुरात म्हणाले, थंडी. या आधीच्या साहेबांनी "बघू" म्हणून आठ हिवाळे काढले होते. ऋतानं पंधरा दिवसांत बघितलं. इमारतीच्या मागं कंप्रेसरची शेड होती. मशीनींना हवेचा दाब पुरवणारं ते धूड सकाळच्या शिफ्टपासून धडधडत असायचं आणि मागच्या जाळीतून गरम हवा नुसती बाहेर टाकायचं. ऋतानं जाळीवर पत्रा मारला, पत्र्याची वाट काढून ती हवा वर ऑफिसात आणली, आणि मोजमापाच्या खोलीतून ऑफिसात येणारं एसीचं तोंड बुजवून टाकलं. संपलं. ऑफिस चोवीस अंशांवर!

काय आनंद झाला म्हणून सांगू! जयदीप शर्टाच्या बाह्या दुमडून नाचला. कुणी पेढे आणले. त्या आठवड्यात सगळे स्वेटर आणि घोंगड्या धुवायला म्हणून घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. "काका, तुम्हीपण न्या आता ती शाल," जयदीप म्हणाला, "घाम येईल तुम्हाला." गुरुदत्त हसले. त्यांच्या खिशात डायरी होती आणि डायरीत सकाळचा आकडा होता. सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी साडेसव्वीस. तिसऱ्या दिवशी सत्तावीस. खोली गरम, आणि शाल नुसती कोमट. गार म्हणावी तर गारही नाही. खुर्चीच्या पाठीपेक्षा जरा जास्त, एवढंच. गुरुदत्त ती हातात घेऊन उभे राहायचे. त्यांनी तुळशीला दोनदा पाणी घातलं. गोळी घेतली. मृदुलाला आवडायची म्हणून तिळाची चटणी कुटली, आणि ती करपली. फोटोसमोर उभं राहून म्हणाले, "आता काय केलं मी?" फोटो काय बोलणार!

रागावलेली बायको शाल थंडगार ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ही थोडी थोडी ऊब? हे रागाचं लक्षण नव्हतं. हे निघालेल्या माणसाचं लक्षण होतं. तिला ऑफिसात यायचं कारणच उरलं नाही, सगळे उबेत बसलेत, आपली गरज संपली असं समजून ती पाय काढतेय. आणि तिला थांब म्हणायचं तर ती भेटायला हवी.

म्हणून एका मंगळवारी गुरुदत्तांनी निगडीहून पहिल्या शिफ्टची बस धरली. पहाट उजाडायची होती. बसमध्ये चढताच कामगारांची डुलकी त्यांच्याही अंगावर आली. तळवडं मागं पडलं, इंद्रायणीवरून धुकं बसच्या पायऱ्यांपर्यंत चढलं, दिवे त्यात विरघळले, आणि खिडकीच्या काचेवर टेकलेल्या कपाळाला वाटलं की आपण रस्त्यावरून जातच नाही, कुणीतरी झोपेतच उचलून नेतंय. शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणी बसलं आहे असं त्यांना दोनदा वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं की जातं, एवढं त्यांना इतक्या दिवसांत कळलं होतं.

सातला ते वर आले. ऑफिस रिकामं, अर्ध्या अंधारात. खिडकीजवळची खुर्ची.

खुर्चीवर शाल नव्हती.

गुरुदत्तांनी टेबलाखाली पाहिलं, ड्रॉवर उघडले, जयदीपच्या खुर्चीमागंसुद्धा पाहिलं. गेली. शालीसकट गेली. ते खिडकीपाशी आले ते नुसतं कशाला तरी धरायला म्हणून, आणि काचेतून खाली नजर गेली.

कंप्रेसरच्या शेडमागं धुकं दाट बसलं होतं. त्या धुक्यात एक बाई पाठमोरी चालत होती. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची. डोक्यावर पदर. आणि खांद्यावरून घट्ट लपेटलेली मोरपंखी शाल.

चौतीस वर्षांत गुरुदत्त जिन्यावरून कधी पळाले नव्हते. तशी पाटीच होती तिथं, जिन्यावर पळू नये. ते पळाले. लोखंडी जिना धडाधडा वाजला. मागच्या दारातून ते धुक्यात शिरले, आणि त्यांच्या तोंडून हाक गेली. नावानं. जन्मात कधी बायकोला नावानं मोठ्यानं हाक मारली नव्हती त्यांनी.

बाई गर्रकन वळली. शालनबाई होती.

शालनबाई म्हणजे सकाळी ऑफिस झाडणारी, टेबलं पुसणारी बाई. कुरुळीची. रोज चालत यायची. कंत्राटदाराकडून लागलेली, पन्नाशीची, वाळलेली काटकी. गुरुदत्तांना पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ती घाईघाईनं शाल काढायला लागली. पण टोक काही सुटेना.

"साहेब, चुकलं माझं," ती म्हणाली. "पाया पडते, कंत्राटदाराला सांगू नका. चोरली न्हाई मी. खुर्चीवर ठिवणारच हुते."

गुरुदत्तांना दम लागला होता, आणि दुसरंही काही होतं. शेवटी एवढंच निघालं, "का?"

शालनबाई खाली बघून बोलायला लागली. हिवाळ्यात सगळ्यांच्या शाली सकाळी गार आणि सर्द लागायच्या. टेबलं पुसताना तिच्या हाताला लागायच्या, तर तिलाच शिरशिरी यायची. म्हणून दिवाळीपास्नं ती सगळ्या गोळा करून इथं आणायची. या जाळीवर. इथली गरम हवा अशी भारी, की झाडलोटीच्या पाचही बाया इथंच भिंतीला टेकून भाकरी खायच्या, आणि खाता खाता कुणाकुणाचा डोळा लागायचा. शाली अर्धा तास टांगल्या की तापायच्या. मग नेऊन ज्याच्या त्याच्या खुर्चीवर घड्या. तुमची शेवटी ठेवायची.

"माझी शेवटी का?"

"तुमी सगळ्यांच्या आधी येता न्हवं. आन्..." ती अडखळली. "काचेपलीकडं फडकं मारत हुते मी एकदा. तुमी शाल तोंडावर धरली हुती. म्हनलं, ही गार पडून चालायची न्हाई."

धुक्यातून कंप्रेसरचा धडधडाट येत होता. जाळीच्या जागी नवा पत्रा होता, चकचकीत, गार. भिंतीपाशी चार बाया अंग आखडून बसल्या होत्या, भाकरीची फडकी मांडीवर तशीच. त्या सवयीनं अजूनही पत्र्याच्या बाजूनं तोंड करून बसल्या होत्या.

"दोन दिवस गार होती," गुरुदत्त म्हणाले. "डिसेंबरात."

शालनबाईनं आठवून पाहिलं. "एक दिस ह्याचं तेल बदलत हुते, बंद हुता ह्यो. आन् एक दिस मी आले न्हाई, नातीचं बारसं हुतं."

तुळस नाही. गोळी नाही. तेल आणि बारसं. पाच वेळा का विचारून काढलेलं मूळ असं एका वाक्यात उपटून तिनं त्यांच्या हातात दिलं. गुरुदत्तांना वाटलं होतं की हे ऐकून आपण जाग्यावरच बसू. ते बसले नाहीत. कारण त्यांच्या डोक्यात दुसरेच आकडे फिरायला लागले होते. सत्तावीस. साडेसव्वीस. सत्तावीस.

"आणि आता?" त्यांनी हळूच विचारलं. "पत्रा मारल्यावर?"

"आता कशावर तापवू?" शालनबाई म्हणाली. "बाकीच्यांच्या शाली गेल्या घरला. तुमची एकच राहिली. म्हनलं, अंगावर घेऊन फिरलं तर थोडीफार व्हईल. पण माझ्याच अंगात कुठं ऊब हाय साहेब, हितल्या गारठ्यात? न्हाई तापत तेवढी. म्हणून चालत ऱ्हाते." तिनं शाल शेवटी सोडवली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "बाईची हाय, कळतं मला. मी घ्यायची न्हवती. राग मानू नका."

म्हणजे चौतीस अंश होते ते या मशीनचे होते. हिवाळाभर तोंडावर धरली ती लोखंडाची वाफ होती. आणि जी कोमट लागली, जी हातात घेऊन त्यांना वाटलं की ती निघाली, आपलं कुणी उरलं नाही, ती मात्र माणसाच्या अंगाची होती. थंडीत फेऱ्या घालणाऱ्या एका बाईनं आपल्या अंगची होती नव्हती तेवढी काढून घातलेली. गुरुदत्तांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. चार बाया बघत होत्या; बघू देत.

त्यांनी शाल घेतली. झटकली. आणि शालनबाईच्या खांद्यांवर परत टाकली.

"काढू नका," ते म्हणाले. "आणि लाजू नका."

मग ते ऋताची वाट बघत तिच्या केबिनबाहेर उभे राहिले. आठला ती आली तेव्हा त्यांच्या हातात तपासणी विभागाचा छापील फॉर्म होता, माल नियमात बसत नसला की भरतात तो. जागा: कंप्रेसर शेडच्या मागं. आढळलेलं तापमान: अकरा अंश. बाधित संख्या: पाच.

"सर, मागं कुणी बसतं?" ऋतानं डोळे मोठे केले. "मला कुणी सांगितलंच नाही. एकाची तक्रार नाही आली."

"त्यांना तक्रारीचा फॉर्म मिळत नाही," गुरुदत्त म्हणाले. "मी त्यांच्या वतीनं भरला."

पोरगी खरंच चांगली. वाद घातला नाही, मान खाली घालून सही केली. म्हणाली, पत्र्याला झडप लावते. नऊपर्यंत हवा बाहेर, नवानंतर वर. तासभर ऑफिस थंड राहील, चालेल? गुरुदत्त म्हणाले, नवाच्या आत येतंय कोण! पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर परवा येणार होता.

साडेआठला ते खुर्चीवर येऊन बसले. जयदीप त्या दिवशी नेमका लवकर उगवला होता आणि फुंकर मारत चहा पीत होता. दार उघडलं आणि शालनबाई आत आली. मोरपंखी शाल खांद्यावर, उघड, सगळ्यांदेखत. जयदीपचा चहाचा पेला तोंडापाशीच राहिला.

तिनं शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर न ठेवता गुरुदत्तांच्या हातात दिली. म्हणाली, "जास्त तापली न्हाई आजबी. झडप बसल्यावर जाळीवर टांगते, पयल्यासारखी."

"नको," गुरुदत्त म्हणाले. "तुम्ही तिथं बसा, भाकरी खा. पण शाल जाळीवर नको. अंगावरच घेत जा."

"व्हय," शालनबाई म्हणाली, आणि फडकं घेऊन जयदीपचं टेबल पुसायला लागली.

गुरुदत्तांनी शाल खांद्यांवर घेतली. थर्मामीटर ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवर त्यांनी उघडला, खिशातली डायरी काढून आत ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला. तेवढ्यात त्यांना आठवलं की पहिल्या शिफ्टची बस पकडायच्या घाईत आज तुळशीला पाणी घालायचं राहून गेलं होतं. गोळीही घेतली नव्हती.

शाल कोमट होती. त्यांनी ती गळ्याशी ओढून घेतली आणि डब्याच्या पिशवीत गोळी शोधायला लागले.